खिळे जुळवणारा वर्ग : सेलेस्तँ फ्रेने यांची ओळख



आपल्या अंकातल्या चरित्राच्या पानावर नेहमी महाराष्ट्रातली, नाहीतर भारतातली थोर माणसे भेटतात. या वेळचा पाहुणा फ्रान्सचा आहे. सेलेस्तँ फ्रेने हे त्यांचे नाव. ते खेड्यातले प्राथमिक शिक्षक होते. त्यांनी आपल्या वर्गात एक छोटा छापखाना आणला आणि मुलांच्या स्वतःच्या लिखाणातून भाषा आणि व्याकरण शिकवले. तुमच्या हातात हा जो झेरॉक्स काढलेला अंक आहे, त्याच्या वंशावळीत पुरेसे मागे गेलो तर कुठेतरी फ्रेने यांचे नाव लागेल, असे मला वाटते. म्हणून हा लेख. मोठ्या मुलांनी तो स्वतः वाचावा, लहानांना घरी कोणीतरी वाचून दाखवावा. फ्रेंच नावे वाचताना जीभ थोडी अडखळेल. पण आपली नावे पुकारताना इथल्या शाळेतल्या बाईंची अडखळते, त्यापेक्षा जास्त नाही!

घरची बोली, शाळेची भाषा

फ्रेने यांचा जन्म १५ ऑक्टोबर १८९६ रोजी गार्स नावाच्या छोट्या डोंगरी गावात झाला. हे गाव फ्रान्सच्या आग्नेय कोपऱ्यात, भूमध्य समुद्र आणि आल्प्स पर्वत यांच्या मधल्या भागात आहे. घर शेतकऱ्याचे. शेत, गुरे, मेंढ्या, ओढे आणि डोंगरातल्या वाटा यांतच सेलेस्तँ लहानाचा मोठा झाला.

फ्रान्समध्ये १८८१ आणि १८८२ च्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले होते. गावोगाव शाळा निघाल्या. पण त्या भागातल्या खेड्यांत लोक आपसांत प्रोव्हाँसाल बोली बोलत, आणि शाळेत चाले ती फक्त फ्रेंच. घरची बोली वर्गात तोंडातून निघाली तर शिक्षा करणाऱ्या शाळाही त्या काळी कमी नव्हत्या. म्हणजे मूल दिवसभर एका भाषेत खेळे, भांडे, रुसे, आणि शाळेत जाऊन दुसऱ्या भाषेचे नियम पाठ करी.

पालकहो, हे आपल्याला नवीन नाही. आपल्याकडे फक्त बाजू उलटी आहे. आपली मुले आठवडाभर इंग्रजीत खेळतात, भांडतात, रुसतात, आणि सुट्टीच्या दिवशी दोन तास मराठीचे नियम पाठ करतात. जी भाषा मुलाच्या खेळात नाही, ती त्याच्या हाताला कशी लागावी, हा प्रश्न फ्रेने यांच्या काळात होता तसाच आज आपल्या वर्गात आहे.

सेलेस्तँ हुशार निघाला. शिक्षक व्हायचे म्हणून तो नीस शहरातल्या अध्यापक विद्यालयात दाखल झाला. पण १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि १९१५ मध्ये त्यालाही सैन्यात जावे लागले. १९१७ साली शमँ दे दाम या रणभूमीवर त्याच्या फुफ्फुसाला गोळी लागली. तेव्हा तो जेमतेम एकवीस वर्षांचा होता. जीव वाचला, पण पुढचा बराच काळ इस्पितळांत आणि विश्रांतीत गेला, आणि छाती कायमची अधू झाली.

दम न पुरणारे गुरुजी

जानेवारी १९२० मध्ये फ्रेने यांना बार-स्युर-लू या गावच्या शाळेत नोकरी मिळाली. शाळा लहान, बाके जुनी, वर्गात धूळ. त्या काळच्या गुरुजींचे मुख्य हत्यार म्हणजे आवाज. दिवसभर उभे राहून मोठ्याने सांगायचे, मुलांकडून घोकून घ्यायचे, आणि गलका वाढला की त्याहून मोठ्याने ओरडायचे. फ्रेने यांना हे जमेना. थोडा वेळ बोलले की धाप लागे. आपण वेगळी वाट शोधली त्यामागे ही शारीरिक अडचणही होती, असे त्यांनी पुढे स्वतःच सांगून ठेवले आहे.

तेव्हाचा व्याकरणाचा तास डोळ्यांसमोर आणा. पुस्तकातली व्याख्या वाचायची. ती पाठ करायची. मग पुस्तकातल्याच वाक्यांतली नामे, विशेषणे, क्रियापदे अधोरेखित करायची. ती वाक्ये कोणी कोणाला उद्देशून लिहिलेली नसत. नियम दाखवण्यासाठी बनवलेली ती वाक्ये. मुलांचे डोळे पुस्तकावर आणि लक्ष खिडकीबाहेर.

फ्रेने यांनी मग मुलांनाच खिडकीबाहेर नेले. दुपारी वर्ग गावात फिरायला निघे. कारागिरांची दुकाने, शेते, नदी, झाडे, किडे, सगळे पाहून व्हायचे. परत आल्यावर मुले पाहिलेले सांगत आणि गुरुजी त्यातली काही वाक्ये फळ्यावर लिहीत. ती वाक्ये मुले मन लावून वाचत, कारण ती त्यांचीच होती. पण दुसऱ्या दिवशी फळा पुसला जाई आणि पुन्हा पुस्तक उघडे. पुस्तकात या गावातले काहीच नसे. मुलांची वाक्ये टिकवायची कशी, हा प्रश्न फ्रेने यांना छळू लागला.

याच काळात ते खूप वाचत होते आणि हिंडतही होते. १९२२ मध्ये त्यांनी जर्मनीत हँबुर्गजवळच्या प्रायोगिक शाळा पाहिल्या. १९२३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये नव्या शिक्षणाच्या परिषदेला ते गेले. तिथे मोठमोठ्या शिक्षणतज्ज्ञांची भाषणे झाली. ती ऐकून फ्रेने भारावले, आणि आपल्या गावच्या शाळेत हे जमायचे कसे, अशी चिंताही त्यांना पडली. त्या तज्ज्ञांच्या शाळांत पैसा होता, साधने होती. इथे एका खोलीत गरिबांची मुले आणि एक धापा टाकणारा शिक्षक.

छापखाना वर्गात येतो

१९२४ च्या सुमारास फ्रेने यांनी एक लहानसे हातछपाईचे यंत्र घेतले. टेबलावर मावेल एवढे. सोबत शिशाच्या अक्षरांचे खिळे, शाई आणि शाई फिरवायचा रूळ. मुलांनो, खिळा म्हणजे भिंतीत ठोकतात तो नव्हे. पूर्वी छापखान्यात प्रत्येक अक्षराचा धातूचा छोटा ठसा असे, त्याला खिळा म्हणत. एकेक खिळा उचलून शेजारी शेजारी लावायचा, अशी ओळ तयार करायची, ओळींचे पान बांधायचे, शाई लावायची आणि कागद दाबायचा. खिळ्यावर अक्षर उलटे असते, आरशात दिसते तसे. त्यामुळे जुळवणारा प्रत्येक अक्षराकडे दोनदा बघतो.

फ्रेने यांच्या वर्गात हे काम मुले करू लागली. पद्धत साधारण अशी होती. ज्याला वाटेल त्याने वाटेल त्या विषयावर लिहायचे. याला त्यांनी मुक्त लेखन म्हटले. विषय गुरुजी देत नसत. मग लिहिलेले वर्गाला वाचून दाखवायचे. सगळ्यांनी मत देऊन त्यातला एक मजकूर निवडायचा. तो फळ्यावर लिहायचा आणि वर्गाने मिळून दुरुस्त करायचा. शेवटी गटागटाने खिळे जुळवायचे आणि छापायचे. छापलेली पाने साठत जात आणि त्यांचे पुस्तक होई. त्याला ते जीवनपुस्तक म्हणत. हेच वर्गाचे वाचनाचे पुस्तक.

या सुरुवातीच्या दिवसांतली गोगलगायींच्या शर्यतीची गोष्ट फ्रान्समधल्या शिक्षकांत अजून सांगितली जाते. मुलांनी वर्गात गोगलगायी आणल्या आणि त्यांची शर्यत लावली. दुसरा शिक्षक असता तर गोगलगायी खिडकीबाहेर गेल्या असत्या. फ्रेने यांनी शर्यत होऊ दिली आणि तिच्यावर मजकूर तयार करून घेतला. कोणती पुढे होती, कोणती थांबली, कोणती वाटच सोडून गेली, हे नेमके सांगायचे तर नेमके शब्द हवेत, क्रियापदाचा काळ बरोबर हवा, एक आणि अनेक यांतला फरक दिसायला हवा. ही गरज गोगलगायींनी निर्माण केली!

आता फळ्यावरच्या दुरुस्तीकडे थोडे जवळून बघू, कारण सगळी गंमत तिथे आहे. फ्रेंच भाषेत लिहिलेली बरीच अक्षरे उच्चारात येतच नाहीत. अनेकवचनाचे शेवटचे अक्षर बहुधा मुके असते. तो खातो आणि ते खातात, ही दोन क्रियापदे कानाला अगदी सारखी लागतात, लिहिताना मात्र वेगळी. आपल्याकडे दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब, हे बोलताना सहसा कळत नाही, लिहिताना कळते, त्यातलाच प्रकार. फ्रेंच मुलाला ही मुकी अक्षरे निव्वळ छळ वाटतात. पण खिळे जुळवताना ती हाताने उचलून जागेवर ठेवावी लागतात. ठेवली नाहीत तर छापल्यावर सगळ्यांना दिसते, आणि मग एक की अनेक असा प्रश्न वाचणाऱ्याला पडतो. म्हणजे नियमाला कारण मिळाले. गुरुजी रागावतील, हे ते कारण नव्हे. वाचणाऱ्याचा घोटाळा होईल, हे कारण.

शिवाय दुरुस्ती होत असताना ज्याचा मजकूर तो मुलगा समोरच बसलेला असे. कुणी वाक्य बदलायला निघाले की त्याला विचारावे लागे, तुला हेच म्हणायचे होते का? वाक्य शुद्ध व्हायला हवे, पण बोलणे त्याचेच राहायला हवे. ही दुहेरी अट फ्रेने यांनी कधी सोडली नाही.

पोस्टाने भेटलेला वाचक

आपल्याच वर्गासाठी लिहिण्याला मर्यादा असते. गोगलगायी सगळ्यांनी पाहिलेल्याच असतात. लवकरच फ्रेने यांची रने दानिएल नावाच्या शिक्षकाशी ओळख झाली. त्यांची शाळा फ्रान्सच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिटनी प्रांतात, त्रेगँ गावात होती. तिथे समुद्र, कोळी, बोटी, आणि घराघरांत ब्रेटन भाषा. इकडे डोंगर आणि प्रोव्हाँसाल. दोन्हीकडच्या मुलांना जोडणारी फ्रेंच ही शाळेत शिकलेली भाषा.

दोन्ही वर्ग आपली छापील पाने एकमेकांना पाठवू लागले. पत्रे गेली, पार्सले गेली. समुद्र न पाहिलेल्या मुलांना समुद्राचे वर्णन वाचायला मिळाले, आणि डोंगर न पाहिलेल्यांना डोंगराचे. आता लिहिताना जपून लिहावे लागे. त्रेगँच्या मुलाला बार-स्युर-लूची गल्ली माहीत नाही. त्याला शेजारी बसून विचारता येत नाही. जे सांगायचे ते कागदावरच पुरेसे स्पष्ट हवे. ज्याला आपण व्याकरण म्हणतो त्यातले निम्मे काम या अनोळखी वाचकाने केले, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

ही कल्पना इतर शिक्षकांनी उचलली. १९२७ मध्ये तूर शहरात वर्गात छापखाना चालवणाऱ्या शिक्षकांची पहिली सभा झाली. त्यांची एक सहकारी संस्था उभी राहिली आणि ती यंत्रे, खिळे, कागद आणि मुलांच्या लेखनाच्या पुस्तिका पुरवू लागली. १९२६ मध्ये फ्रेने यांचे एलीज या शिक्षिकेशी लग्न झाले होते. त्या स्वतः चित्रकार होत्या. पुढच्या सगळ्या कामात त्यांचा बरोबरीचा वाटा आहे, आणि या चळवळीच्या जन्माची हकीकतही त्यांनीच पुस्तकरूपाने लिहून ठेवली.

चार पानांचे व्याकरण

फ्रेने यांनी व्याकरण मोडीत काढले, असा आरोप त्यांच्यावर झाला. १९२८ मध्ये त्यांनी शालेय क्रमिक पुस्तकांविरुद्ध एक पुस्तकच लिहिले, त्यामुळे आरोपाला जोर आला. त्यांचे म्हणणे खरे तर वेगळे होते. मूल चालायला शिकते ते चालून, सायकल शिकते ती चालवून. आधी तोल सांभाळण्याचे नियम पाठ करायला लावले तर कोणीच सायकलवर बसणार नाही. लिहिण्याचेही तसेच. आधी लिहू द्या. लिहिता लिहिता जिथे अडेल तिथे नियम सांगा, म्हणजे तो लक्षात राहील.

१९३७ मध्ये त्यांनी मुलांसाठी फ्रेंच व्याकरणाची एक पुस्तिका काढली. व्याकरण किती पानांचे? चार! लिहिणाऱ्या मुलाला जे खरोखर लागते तेवढेच त्यात. बाकीचे मुलांच्या मजकुरांतून शोधायचे. आणि सरावाचे काय? तोही त्यांनी सोडला नाही. एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या कार्डावर उत्तर, अशी कार्डे त्यांनी तयार केली. ज्याला जे येत नाही त्याची कार्डे त्याने घ्यायची आणि आपले आपण तपासायचे. सगळ्या वर्गाने एकाच दिवशी एकच नियम घोकायचा, ही सक्ती मात्र गेली.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. आमच्या धंद्यात कोणी आधी भाषेचे सगळे नियम पाठ करून मग प्रोग्रॅम लिहायला बसत नाही. काहीतरी करायचे असते म्हणून प्रोग्रॅम लिहितो, कंपायलर चूक दाखवतो, आणि त्या दिवशी तो नियम कायमचा समजतो. त्यामुळे फ्रेने यांचे म्हणणे मला चटकन पटले. पण मराठीत हे कसे दिसेल? आपल्या मुलांच्या वह्यांत हमखास सापडणारे एक वाक्य घ्या : मी काल पिझ्झा खाल्लो. इथे कर्मणी प्रयोगाची व्याख्या फळ्यावर लिहिली तर मुलांचे डोळे खिडकीकडे जातील. त्याऐवजी त्या मुलालाच विचारा, पोळी असती तर? मी पोळी खाल्ली. केळे असते तर? मी केळे खाल्ले. मग पिझ्झा? मी पिझ्झा खाल्ला. लिहिणारा मुलगा असो की मुलगी, क्रियापद ढुंकूनही तिकडे पाहत नाही, ते खाल्लेल्या वस्तूकडे पाहते. हे मुलांनी स्वतः शोधले की मग नाव सांगा, याला कर्मणी प्रयोग म्हणतात.

एखादी चौकस मुलगी लगेच विचारेल, मग मी वही विसरले, हे बरोबर कसे? शाबास! विसरणे, बोलणे, शिकणे अशी काही मोजकी क्रियापदे या नियमाला जुमानत नाहीत. त्यांची यादी मुलांनाच करू द्या. एका पिझ्झ्यावरून इतके व्याकरण निघते.

मुले खरे लिहितात तेव्हा

फ्रेने यांची वाट सरळ नव्हती, हेही सांगायला हवे. १९२८ मध्ये ते आणि एलीज सँ-पॉल या गावी आले. इथली शाळा फार वाईट स्थितीत होती. मुलांच्या साहित्याचा खर्च गावाने करावा, इमारत दुरुस्त करावी, असा लकडा फ्रेने यांनी लावला. गावच्या महापौरांना तो आवडला नाही.

मुले आपल्या मनातले लिहीत होतीच. एका मुलाने आपले स्वप्न लिहिले. मोफत साहित्याचे पैसे न देणाऱ्या महापौरांविरुद्ध वर्गाने बंड केले आणि त्यात महापौर मारले गेले, असे ते स्वप्न होते. वर्गाने ते छापले. विरोधकांच्या हाती आयते कोलीत मिळाले. डिसेंबर १९३२ मध्ये गावात फ्रेने यांच्या विरोधात पोस्टर लागली. प्रकरण राष्ट्रीय वृत्तपत्रांत गेले. फ्रेने डाव्या विचारांचे आणि कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होते, त्यामुळे उजव्या गटांनी ते उचलून धरले. काही पालक त्यांच्या बाजूने उभे राहिले, काहींनी मुलांना शाळेत पाठवणे थांबवले. एप्रिल १९३३ मध्ये शाळेच्या दाराशी जमाव आला आणि आत शिरू पाहू लागला. आत मुले होती. फ्रेने पिस्तूल हाती घेऊन जमावासमोर उभे राहिले. अनर्थ टळला, पण त्याच वर्षी त्यांची बदली झाली. मन मोडले. सरकारी शाळा त्यांनी सोडली.

एका मुलाच्या काही ओळींमुळे एवढे व्हावे? त्या ओळी छापायला हव्या होत्या का, यावर आजही दोन मते होऊ शकतात. पण एक गोष्ट यातून कळते. मुलांच्या लेखणीतून खरे लिखाण हवे असेल तर मोठ्यांना न आवडणारेही त्यातून येणार. फ्रेने यांनी त्याची किंमत मोजली, पण यापुढे गुरुजींना आवडेल तेच लिहा, असे मुलांना सांगितले नाही.

स्वतःची शाळा, आणि पुन्हा युद्ध

जवळच्याच वाँस गावाबाहेर टेकडीवर फ्रेने दांपत्याने स्वतःची शाळा बांधली. मित्रांनी, शिक्षकांनी श्रमदान केले. १९३५ मध्ये शाळा सुरू झाली. बहुतेक मुले गरीब घरची होती आणि तिथेच राहत. बागकाम, चित्रे, मातीकाम, छपाई, आणि आठवड्याच्या कामाची योजना मुलांनी स्वतः करायची, असा दिनक्रम. स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले तेव्हा तिथून आलेल्या निर्वासित मुलांनाही या शाळेने आसरा दिला.

मग दुसरे महायुद्ध आले. मार्च १९४० मध्ये फ्रेने यांना त्यांच्या राजकीय मतांमुळे अटक झाली. एकामागून एक छावण्यांत त्यांना डांबले. छाती आधीच अधू, त्यात हे हाल. १९४१ च्या ऑक्टोबरात सुटका झाली, पण आल्प्समधल्या व्हालुईज गावात नजरेखाली राहायच्या अटीवर. या सक्तीच्या एकांतात त्यांनी आपले मोठे ग्रंथ लिहायला घेतले. वर्ग नव्हता, छापखाना नव्हता, तेव्हा माणसाने वही उघडली. पुढे ते जर्मनांविरुद्धच्या प्रतिकार चळवळीत सामील झाले, आणि १९४४ मध्ये मुक्तीनंतर त्या जिल्ह्याच्या मुक्तिसमितीत त्यांनी काम केले.

युद्धानंतर वाँसची शाळा पुन्हा उभी राहिली. १९४७ मध्ये या पद्धतीने शिकवणाऱ्या शिक्षकांची आधुनिक शाळेची संस्था स्थापन झाली. १९४९ मध्ये ल शानुआ या दिग्दर्शकाने एका खेड्यातल्या शिक्षकावर चित्रपट काढला. तो फ्रेने यांच्याच सुरुवातीच्या दिवसांवर बेतलेला होता. चित्रपटाच्या फ्रेंच नावाचा अर्थ शाळेला दांडी मारणे असा होतो! १९५७ मध्ये देशोदेशीच्या अशा शिक्षकांचा महासंघ झाला. ८ ऑक्टोबर १९६६ रोजी वाँस येथे फ्रेने वारले. सत्तरीला एकच आठवडा उरला होता. एका फुफ्फुसाला गोळी लागलेल्या माणसाने जवळजवळ पन्नास वर्षे काम केले. त्यांना जन्मगावी, गार्सला, दफन केले. वाँसची शाळा १९९१ मध्ये फ्रेंच सरकारने विकत घेतली, आणि ज्या सरकारी व्यवस्थेतून ते बाहेर पडले होते तिचाच ती शाळा भाग झाली.

आपल्या अंकाचे काय?

खिळ्यांचा जमाना गेला. फ्रेने यांच्या हयातीतच काही वर्गांनी सायक्लोस्टाइलसारखी यंत्रे वापरायला सुरुवात केली होती. मग झेरॉक्स आले, संगणक आले. यंत्र बदलले तरी प्रश्न तोच आहे, मजकूर कोणाचा?

अमेरिकेत १९६३ साली ब्रॅडॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेखन शिकवण्यावरच्या तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. सुटे व्याकरण शिकवल्याने मुलांचे लेखन सुधारत नाही, उलट त्यात जाणारा वेळ लिहिण्यातून वजा होतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. गार्सच्या शेतकऱ्याच्या मुलाला हे कोणी आकडे न दाखवता कळले होते. आपल्या वर्गाला आठवड्याला दोन तास मिळतात. त्यातला किती वेळ वजा करायचा, ते आपण ठरवायचे आहे.

पालकहो, स्पष्ट बोलतो, राग नसावा. अशा अंकांत आठ वर्षांच्या मुलाच्या नावाखाली चाळीस वर्षांच्या माणसाचे मराठी छापलेले दिसते. आजीला वाचून आनंद होतो, हे खरे. पण मुलगा ते पान उघडतो तेव्हा त्याला तिथे स्वतःचे काही सापडत नाही, बार-स्युर-लूच्या मुलांना त्यांच्या पुस्तकात सापडत नव्हते तसेच. त्यापेक्षा पुढच्या अंकासाठी असे करून पाहू. मुलांनी हवे ते लिहावे, चार ओळी का असेनात. आईबाबांनी त्याला हात लावू नये. वर्गात सगळे वाचून दाखवावेत आणि मुलांनी मत देऊन एक निवडावा. फळ्यावर बाईंनी मुलांकडूनच तो दुरुस्त करून घ्यावा. त्या मजकुरातून एकच नियम वेचावा आणि तो खाली चौकटीत छापावा. वर्षाअखेर त्या चौकटी कापून एकत्र केल्या तर आपल्याही वर्गाचे चार पानांचे मराठी व्याकरण तयार होईल, आणि प्रत्येक नियमाशेजारी तो कोणाच्या पिझ्झ्यावरून निघाला हेही लिहिलेले असेल.

आणि मुलांनो, एक काम तुमच्याकडे. दुसऱ्या गावातल्या किंवा दुसऱ्या देशातल्या मराठी वर्गातल्या मुलांना आपला अंक पाठवायचा आहे. तुमची गल्ली, तुमचा बर्फ, तुमचा कुत्रा त्यांनी पाहिलेला नाही. त्यांना कळेल असे लिहा. जिथे अडेल तिथे विचारा. नियम तुमची वाट पाहत तिथेच उभा असेल.

— तुमच्यातल्याच एकाचे बाबा